काच पुसायची बाटली

सासूबाई,

आज 'आई' लिहायला हात धजत नाही.

सिंकखालची व्हिनेगरची बाटली, "ती फक्त काचा पुसायची हं" म्हणून तुम्ही बजावलेली, काल खिडक्यांसाठी काढली. तिच्यावर कोकोची बोटं उमटली होती. काचा पुसताना कोको कुठून आला, हे मला आधी कळेना. मग सगळंच कळलं.

तुमच्या त्या जुन्या चॉकलेट केकची कृती मला सांगताना मैदा, साखर, कोको, तेल, सोडा, सगळं सांगितलंत. व्हिनेगर तेवढं गिळलंत. नुसत्या सोड्यावर केक बसतो आणि साबणासारखा लागतो. माझा दरवेळी तसाच झाला. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हा खायचा की अंगाला लावायचा?" घरभर हशा पिकला. तुमचा मुलगाही हसला. आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "असू दे गं, हाताला चव असावी लागते."

आज सकाळी चमचाभर व्हिनेगर घालून केला. काय टम्म फुगला! तो घेऊन आईकडे जातेय, माझ्या आईकडे. तुमच्या मुलाला म्हणावं, न्यायला येऊ नकोस.

संध्याकाळी नणंदबाई केक खायला येणार आहेत ना? मैदा-कोको डब्यात आहे, ओव्हन पुसून ठेवलाय. बाटली मात्र मी नेतेय, आणि कोपऱ्यावरचं दुकान आज बंद आहे.

पण तुम्हाला काय फरक पडतो? तुमच्या हाताला चव आहे.