कर्कशच हवं

४ मार्च
नाही म्हणजे नाही! दादा म्हणतो, चौथ्या रेकॉर्डभर एक बारीक शिट्टी आहे, डोकं उठतं, ती काढ. कसली शिट्टी? दिवसभर हेडफोन लावून ऐकलं. पत्रा आहे, ग्राइंडर आहे, मोटार आहे. शिट्टी दादाच्या डोक्यात आहे.

लोखंड आणि यंत्रं वाजवणाऱ्या आमच्या ग्रुपला अठरा वर्षं झाली. बाबांच्या वेल्डिंगच्या दुकानात सुरुवात केली — मी, दादा आणि ठोक्या. ठोक्या तेव्हा लोखंडी पिंप बडवायचा, अजूनही तेच बडवतो. पहिल्याच दिवशी नियम केला होता: जो आवाज आणेल, त्याचा शब्द शेवटचा. ग्राइंडर मी आणला. मिक्सिंगही पहिल्यापासून माझंच. मग?

५ मार्च
ठोक्यालाही शिट्टी ऐकू येते म्हणे. पढवलेला पोपट!

९ मार्च
मासिकांची जुनी कात्रणं काढून बसले. पहिल्या रेकॉर्डबद्दल लिहिलं होतं — नुसता गोंगाट. दुसरी 'धारदार'. तिसरी 'कानात सुया टोचणारी, निर्दयी, म्हणूनच थोर'. दर वेळी मी धार वाढवली आणि दर वेळी ऐकणारे वाढले. आता पन्नाशीत दादाला मऊ गादी हवी झाली.

रेकॉर्ड कंपनीचा माणूसही त्याच्याच बाजूचा. जरा सौम्य करा, वीस तारखेला द्या, म्हणाला. सौम्य हवं असेल तर बासरीवाला शोधा, असं त्याला सांगून टाकलं.

१२ मार्च
वहिनीने दुपारी जेवायला बोलावलं, समेट घडवायला. पानावरून उठताच दादाने नवी रेकॉर्ड लावली. भाचीने कानात बोटं घातली आणि आतल्या खोलीत पळाली. दादा माझ्याकडे बघत राहिला. पोरं औषध बघूनही पळतात, मी म्हटलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "तू कान तपासून घे. नाहीतर या रेकॉर्डवर माझं नाव घालू नकोस."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अठरा वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून वाजवलं, तो म्हणतो नाव घालू नकोस. वहिनीला 'येते' एवढंही न म्हणता निघाले.

१३ मार्च
नाव नको तर नको! ठोक्याला फोन केला, म्हटलं आपण दोघं पुरे आहोत. तो घुटमळला. भांडण कुणाशीच नाही म्हणाला, पण ती रेकॉर्ड लावली की त्याचे दात शिवशिवतात.

बरं. मग मी एकटी.

१६ मार्च
ठरलं. कान तपासतेच! रिपोर्टचा कागद आणते आणि दादाच्या तोंडावर मारते. मग बघू कोण कुणाला शहाणपण शिकवतं. परवा सकाळी अकराची वेळ मिळाली आहे.

१८ मार्च
काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला चार-पाच घुमणारे आवाज आले, पटापट दाबलं. मग काहीच नाही. मशीन अडलं असेल म्हणून मुकाट बसून राहिले. बऱ्याच वेळाने तपासणारी बाई दार उघडून आत आली. विचारलं, "पुढचे आवाज कधी लावणार?"

ती म्हणाली, "सगळे लावून झाले."