सोळा टर्मिनल आणि एक मोटारसायकल

गडचिरोली,
१४ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप लहानूमामास,
गुलाबचा सविनय जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, आपली प्रकृती कशी आहे, मामींचा गुडघा थंडीत दुखतो किंवा कसे, धानाची मळणी आटोपली अथवा नाही, हे सविस्तर कळवावे. (एवढं मास्तरानं शिकवलं तसं लिहिलं. आता आपल्या बोलीत लिहितो, नाई तं पत्र संपता संपता मीच संपून जाईन.)

मामा, रविवारी देवाजीभाऊ बांबोळे आपल्या पोरीले, म्हणजे चंदाले, घेऊन इथी आले होते. स्थळ तुमीच जमवलं, तुमीच त्यायले पाठवलं. चंदा नर्स आहे, गावोगाव हिवतापाच्या गोळ्या वाटत फिरते. मागच्या महिन्यात मी तिले पाह्यलं तवापासून माझं चित्त ठिकाणावर नाई, हे मी तुमाले लाजत लाजत सांगितलं होतं. (मामीले सांगू नका म्हटलं होतं, अन् चौथ्या दिवशी मामीचंच पत्र आलं.) तं आता हे लग्न जुळलं का मोडलं, हे आयकाले तुमी कान टवकारून बसले असाल. थांबा जरा. आदी तुमी मले कसं तोंडावर पाडलं ते आयका.

तुमी तीस वर्षं सरकारी भांडारात कारकुनी केली. मी नोकरीले लागलो तवा तुमी मले जवळ बसवून सांगितलं होतं, का गुलाब, कोणताही सरकारी फॉर्म आला का त्यात 'नाही' लिहाचं नाई. एकदा 'नाही' लिहिलं का ती वस्तू आपल्या नावानं कायमची गेली. दोन कपाटं पाहिजे असली तं बारा मागाची, तवा कुठी एक येते, तेही कडी तुटलेलं. मी हे मनात पक्कं बसवलं. त्याच्याच भरवशावर आमच्या हापिसात (नाव लिहीत नाई, साहेब पत्रं फोडून वाचतात) मले एक टाइपरायटर, दोन पंखे अन् एक खुर्ची भेटली होती. मले काय माहीत, या जगात अशीही एक वस्तू निघन का जिच्याजवळ 'होय' लिहिलं तं ती खरंच मानून बसते!

ती वस्तू म्हणजे कॉम्पुटर. दिवाळीच्या नंतर ट्रकमधून आला, तणसात गुंडाळून. त्याच्यासंगं नागपूरहून एक इंजिनिअर आला. त्यानं मले समजावलं, का या मशीनच्या पोटात एक कर्नेल म्हणून असते. आपल्या हापिसातला बडेबाबू असते ना, कोणता कागद कोणाच्या टेबलावर जाईल, कोणाले कवा चहा भेटन, सारं तोच ठरवते, तसा तो मशीनचा बडेबाबू. पण हा बडेबाबू तयार भेटत नाई. मशीन आपल्याले विचारते, तुमच्याकडं काय काय आहे, अन् आपण जे सांगू त्याच्यावरून तिथल्या तिथी तो बनवते. कंपनीनं जो बडेबाबू पाठवला होता त्याले एकच टर्मिनल दिसत होतं. (टर्मिनल म्हणजे पडदा अन् टाइपरायटर, दोघं मिळून.) आमच्याकडं तीन टर्मिनल अन् एक प्रिंटर. म्हणून नवा बनवणं आलं. इंजिनिअर एवढं सांगेपर्यंत दात वाजवाले लागला, हुडहुडीनं थडथड उडाले लागला, अन् त्याले हिवताप भरला. दुपारच्या एसटीनं तो नागपूरले गेला. जाताना एवढंच म्हणाला, का जुना बडेबाबू पुसू नका, दुसऱ्या नावानं बाजूले ठेवा. त्या माणसाचं भलं होवो.

मंग मी बसलो. वारलूभाऊ शिपायानं मशीनले झेंडूचा हार घातला, साहेबानं चष्मा लावला. मशीन इंग्रजीत एकेक विचारते अन् मी उत्तर आदी कागदावर, मंग मशीनमध्ये लिहितो. टेप लावाची मशीन आहे का? होय. गणितं कराची वेगळी चिप आहे का? होय. टर्मिनल किती? मी म्हटलं, तीन मागितले तं एक कमी होईल, सोळा लिहिलं. प्रिंटर? चार. मंग तिनं विचारलं, प्रोसेसर कोणता, अडुसष्ट हजार दहा का अडुसष्ट हजार वीस? आता मामा, सरकारी माणसाले दहा अन् वीस यातलं निवडाले सांगितलं तं तो दहा घेईल का? वीस लिहिलं. साहेबानं पाठीवर थाप मारली.

दोन तास मशीन कुरकुरत बसली. मंग बंद करून चालू केली, तं पडद्यावर एकच शब्द आला, पॅनिक, अन् सारं ठप्प. कळ दाबली, काई नाई. हार काढला, काई नाई. जुन्या बडेबाबूले उठवून पुन्हा बनवलं, पण सोळाचे बारा केले, बाकी 'होय' तसंच ठेवलं. पुन्हा पॅनिक. असं शनिवारपर्यंत पाच खेपा झालं. साहेब म्हणाले, सोमवारी सागाच्या लिलावाची यादी छापून भेटली नाई तं तुझी बदली सिरोंच्याच्याही पलीकडं करतो. (सिरोंच्याच्या पलीकडं तं गोदावरी आहे, मामा.)

अन् रविवारी सकाळी देवाजीभाऊ बसमधून उतरून सरळ हापिसात! म्हणे, लहानूभाऊनं कागदावर लिहिलं आहे, पोरगा कॉम्पुटर इंजिनिअर आहे, स्वतःचं पक्कं घर आहे, मोटारसायकल आहे. पयले कॉम्पुटर दाखव. माझ्या तं पायाखालची जमीन सरकली. मी टाइपिस्ट, मामा! साधा टाइपिस्ट! तुमच्या त्या कागदाची मले खबरबातही नव्हती.

देवाजीभाऊ पडद्याकडं पाहून म्हणाले, हे काय लिहिलं आहे? मी म्हटलं, आराम करून राह्यली. मांगून चंदा म्हणाली, "पॅनिक लिहिलं आहे ना हो ते? घाबरली दिसते." अन् टेबलावरचा माझा उत्तराचा कागद तिनं उचलून वाचला. "सोळा टर्मिनल कुठी आहेत?" मी तीन दाखवले. "टेप?" मी वर आढ्याकडं पाह्यलं. मंग ती जे बोलली ते मी जन्मभर विसरणार नाई. म्हणे, "आमी घरोघर हिवतापाचा फॉर्म भरतो. ताप नसला तं 'नाई'च लिवतो. उगा 'होय' लिवलं तं चांगल्या माणसाले कडू गोळ्या गिळा लागते. तुमी या बिचारीले काय काय गिळवलं?"

तिनंच पेचकस मागितला. झाकण काढलं तं आत एक मेलेली पाल अन् मोठ्या चिपवर अक्षरं, अडुसष्ट हजार दहा. बाजूले गणिताच्या चिपची जागा रिकामी, नुसती भोकं. म्हणजे पाच दिवसांपासून मी त्या बडेबाबूले जी भाषा शिकवत होतो ती या मशीनले येतच नव्हती, अन् जी चिप नाई तिले तो हाका मारत होता! मंग चंदानं एकेक वस्तू बोटानं दाखवून विचारलं अन् मी लिहीत गेलो. टेप नाई. चिप नाई. प्रोसेसर दहा. टर्मिनल तीन. प्रिंटर एक. खरं सांगतो मामा, पयलं 'नाई' लिहिताना तुमी खिडकीतून पाहून राह्यले असं वाटत होतं. दोन तास आमी तिघं आलुबोंडे खात बसलो. मशीन चालू केली अन् अगा बाप्पा, तिन्ही पडदे एकाच वेळी उजळले! प्रिंटर खरखरला! वारलूभाऊनं हार पुन्हा घातला, या खेपेस मले.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांस जयभीम, लहानांस आशीर्वाद.

आपला,
गुलाब

ता. क. — लग्नाचं सांगाचं राह्यलं. मशीन चालू झाली तसा देवाजीभाऊनं खिशातून तुमचा कागद काढला अन् म्हणाले, आता हे पाहू. इंजिनिअर? चंदा माझ्याकडं पाहून राह्यली होती. खोटं बोलाची लय इच्छा झाली, पण तोंडातून 'नाई'च निघालं. पक्कं घर? नाई, भाड्याची खोली. मोटारसायकल? नाई, सायकल, तिचीही चेन पडते. देवाजीभाऊनं कागदाची घडी केली, पाणी पिलं, अन् चंदाले म्हणाले, चाल, तीनची बस आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मामा. थट्टा नाई करून राह्यलो.

आणखी ता. क. — मंग मले आठवलं, चंदाचाही एक कागद तुमीच मले दिला होता. मी तो टेबलाच्या खणातून काढून तिच्या हाती दिला. अक्षर तेच, शाई तीच! तिनं मोठ्यानं वाचलं. स्वयंपाक उत्तम? "नाई. वरणही लागते बुडाले." शिवणकाम? "नाई. सुई मले फक्त टोचाची येते." वय बावीस? "चोवीस." देवाजीभाऊ खाली फरशीकडं पाहाले लागले, अन् तीनची बस निघून गेली.

अजून एक — सोमवारी साहेबानं यादी पाह्यली, खुश झाले, अन् मंग माझा कागद पाहून ओरडले, टेपपुढं 'नाही' काऊन लिहिलं? आता जन्मात भेटणार नाई! म्हणजे तेही तुमचेच चेले.

अन् शेवटचं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं — तुमच्या दोन्ही कागदांच्या खाली 'पसंत आहे का' असा रकाना होता. सारे रकाने तुमी भरले, तेवढा एकच रिकामा ठेवला होता. निघताना चंदानं माझा पेन घेतला अन् माझ्या माहितीच्या कागदावर तिथी आपल्या हातानं 'होय' लिहिलं. मशीनच्या फॉर्मासारखंच, तपासून. माझं मी सांगाची गरज आहे का? साक्षगंध, अंगठ्या अन् सारं, पुढच्या महिन्याच्या पयल्या रविवारी, त्यायच्या घरी, देवाजीभाऊनंच सांगितलं. मामीले घेऊन नक्की या. पेन मात्र घरीच ठेवा.