भिंती मुलग्यांच्या, छप्पर ताईचे

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे कागद टाइप करणे, आज स्वतःचा कागद टाइप करतो आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांना माळ्यावर यावे लागले, कारण हल्ली मी तिथेच सापडतो. येताना तुळईवर त्यांचे कपाळ आपटले, तेव्हा त्यांच्या बुद्धीबद्दल मी काही लिहून देत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. घाई मात्र आहे. सोमवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायचे आहे आणि घराची कौले उतरवलेली आहेत.

कलम १. मला दोन मुलगे व एक मुलगी. मुलग्यांच्या हौसेने घर मागच्या बाजूला वाढवणे चालू आहे. छप्पर लाकडी कैच्यांवर, म्हणजे तिकोनी सांगाड्यांवर, उभे आहे. प्रत्येक कैचीची आडवी तुळई पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जाते आणि दोन्ही भिंतींना धरून ठेवते. थोरल्याला माळ्यावर भाडेकरू ठेवायचा आहे, तुळई डोक्याला लागते म्हणून ती कापायची. धाकट्याला हॉल ऐसपैस हवा, म्हणून मागची भिंत पाडायची. म्हणजे एकाला कैचीची कंबर नको आणि दुसऱ्याला पाय. सुतार दोघांचे ऐकून कंटाळले आणि टेकू लावून दुसऱ्या कामावर गेले. तेव्हापासून मी टेकूंमधून वाट काढत जेवायला जातो.

(आत्ताच वर जाऊन पाहून आलो. तुळया शाबूत आहेत.)

कलम २. जमीन, भिंती व मागचे वाढीव बांधकाम दोघा मुलग्यांना समसमान.

कलम ३. छप्पर, म्हणजे कैच्या, आढे, वासे, कौले व त्याखालचा सगळा माळा, माझ्या मुलीला, जिला घरात सगळे ताई म्हणतात. जिन्यावर तिची कायमची वहिवाट. तुळईला करवत किंवा मागच्या भिंतीला पहार लावायची तर तिची लेखी संमती हवी. असे वाटप कोणी करत नाही, हे मला कोणी सांगू नये, जन्मभर दुसऱ्यांची वाटपे मीच टाइप केली आहेत. भावांपैकी कोणी तिला घराबाहेर हो म्हणाला, तर तिने जाताना छप्पर सोबत न्यावे.

कलम ४. कारण लिहितो. ताई सासर कायमचे सोडून आली तेव्हा भाऊ म्हणाले, घर तुझंच आहे. तेव्हापासून ती हॉलच्या कोपऱ्यात खाटेवर झोपते. येणारा-जाणारा दिवा लावतो, तिच्या खाटेवर इस्त्रीचे कपडे टाकतो, तिची ट्रंक सरकवतो. घर तिचेच असल्यामुळे तिला कोणी विचारत नाही. माळ्यावर दोन कैच्यांच्या मध्ये तिची खोली बसते, फक्त आत जाताना तुळईखालून वाकावे लागते. मी म्हटले, सुतारांना सांगून काहीतरी तोड काढू.

ती म्हणाली, "राहू द्या, बाबा. वाकायची सवय आहे मला. फक्त कडी आतून हवी."

हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

कलम ५. बँकेतली ठेव आधी कौले परत चढवण्यासाठी, उरेल ती तिघांना. टाइपरायटर धाकट्या सुनेला, कारण खाटेवरचे कपडे उचलणारी ती एकटीच. ताईचे स्थळ आणणारे माझे साडू म्हणाले होते, मुलगा स्वभावाने शांत आहे. त्यांना माझी छत्री द्यावी. ती उघडत नाही.

(पुन्हा वर जाऊन आलो.)

कलम ६. काल सुतारांना हाताला धरून परत आणले. मुलगे कामावर गेलेले असताना त्यांनी दोन कैच्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत घातली, दार बसवले आणि त्याला आतल्या बाजूने कडी ठोकली. या दाराला बाहेरून कडी, कोयंडा वा कुलूप कोणीही, कधीही लावू नये. सासरी कडी बाहेरून होती. हे कलम बदलण्याचा अधिकार मी स्वतःकडेही ठेवत नाही.

स्थळ : माळा, ताडपत्रीखाली.
दिनांक : दाखल होण्याआधीचा शनिवार.
सही : ताईचे वडील.
साक्षीदार : १. डॉक्टर (या वेळी वाकून आलेले). २. सुतार.

नोंद : सह्यांसाठी आम्ही तिघे वर आलो तेव्हा दार आतून बंद होते. आम्ही वाजवले. ती आतून म्हणाली, "थांबा जरा." आम्ही थांबलो.