निळ्या किटलीची जागा

प्रिय लॉवेल भावजी,

डोंगरात मुक्कामाला जायला गाडीमागे जोडायची, सामान वाहायची जुनी ट्रॉली आली, तीनशे डॉलरला. मोठे टायर वापरलेले, म्हणून स्वस्त मिळाले. तिच्या छतावर उघडायचा तंबू अजून यायचाय. तुमच्या भावाने स्प्रिंगा चाकांच्या आसाच्या वर घेऊन ट्रॉली इतकी उंच केलीय, की पोरांसकट सगळा संसार डोंगरातल्या दगडांवरून जाईल.

ट्रॉलीच्या मागे स्वयंपाकाचं कपाट केलंय. शेगडीशेजारच्या फळीत एक गोल भोक कापलंय, भांडं हिंदकळू नये म्हणून. मी घरातलं एकेक भांडं त्यात बसवून पाहिलं. एकही बसेना. शेवटी गॅरेजमधून तुमची इथेच राहिलेली कॉफीची निळी किटली आणली, तर ती चपखल बसली!

आपल्या चर्चला कॉफी वर्ज्य. तुम्ही चर्च सोडून ती प्यायला लागलात, तेव्हापासून ह्यांनी तुमचं नाव घेणंच टाकलंय. मग हे भोक कुणासाठी?

"कोकोसाठी," हे म्हणाले.

"कोकोला पातेलं आहे की!"

"अर्डिथ, तू हिशेब बघ, भोकं मी बघतो."

आणि कान लाल करून फळी घासत बसले.

मी देवाची क्षमा मागून जन्मात पहिल्यांदा कॉफीचा डबा आणला. ह्यांनी तो पाहिला आणि गुपचूप कपाटात किटलीमागे ठेवला.

ह्यांच्या तोंडून तुमचं नाव निघालं, की त्याच दिवशी हे पत्र टपालपेटीत टाकेन. तोवर ते शिवणाच्या डब्यात राहील. मिळालं, की एवढंच उलट टपाली कळवा: किटलीभर पाण्याला कॉफी किती चमचे घालायची? इथे विचारू कुणाला?

तुमची वहिनी,
अर्डिथ