वऱ्हाडीतला आशिया

१२ जानेवारी १९६०, अमरावती

पेटी आली एकदाची. बडनेऱ्याहून टांग्यानं आणली, मांडीवर धरूनच. जपान, सिलोन, ब्रह्मदेश, इंडोनेशिया, इराण. या देशांच्या मुंबईतल्या वकिलातींना पत्रं घातली होती की मी भूगोलाची शिक्षिका, मुलींना दाखवायला माहितीपट द्या. सगळ्यांनी दिले. इतक्या लांबची अनोळखी माणसं विश्वास टाकतात, आणि आमच्या हेडबाई म्हणतात, "पुस्तकात नकाशा आहे ना?"

अडचण एकच. एकाही फिल्मला मराठी नाही. मीच बोलायचं ठरवलंय. कसं, ते देव जाणे.

१७ जानेवारी

रविवार. शाळेचा हॉल. यंत्र अकोल्याच्या रहीमभाईंचं. त्यांची फिरती टॉकीज एरवी जत्रांतून हिंडते. मुली होत्या, त्यांचे आईबाप होते, आणि वलगावहून वयनी, माझ्या भावाची बायको, शेजारच्या बाया बैलांच्या दमणीत भरून घेऊन आलेली. कापूस वेचणीचे दिवस असून.

पहिली फिल्म जपानची. कोळिणी समुद्रात बुड्या मारून शिंपले काढतात. रहीमभाईंनी जपानी आवाज बारीक केला, मी माईक घेतला आणि सुरू केलं, "या स्त्रिया सागरतळाशी..."

मागून वयनी ओरडली, "सुमे, कोन्या बोलीत बोलून राहिली वो? आपल्या बोलीत सांग ना!"

हॉल हसला. मलाही हसू आलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "हे बाई म्हणते, मी आता खाली जातो. दम धरतो. पोट्टे घरी उपाशी हायेत. शिंपला गावला त चूल पेटीन."

त्यापुढं काय बोलले, आठवत नाही. त्या बाईला वर यायला उशीर झाला तेव्हा आमच्या बायांनीही दम धरला होता. डोकं पाण्याबाहेर आलं तशी एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आली वो माय, आली!"

घसा बसलाय. झोप येत नाही आनंदानं.

३ मे

परवा महाराष्ट्र झाला. झेंडावंदन, पेढे. आज नानासाहेबांनी घरी बोलावलं. मोठे वकील, आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. म्हणाले, "सुमनताई, तुमचा तो उपक्रम गाजला हं. आता आपण पुण्या-मुंबईच्या पंगतीला बसलो. याला काही स्वरूप दिलं पाहिजे."

स्वरूप म्हणजे मंडळ. ते अध्यक्ष, मी कार्यवाह. नाव: आशियाई आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सव.

"माहितीपट का नको?"

"अनुबोधपट भारदस्त वाटतं."

खूष होऊन आले. खोटं कशाला लिहू. मंडळ, रबरी शिक्का, टॉकीजचा मोठा पडदा! तशीच वलगावला जाऊन वयनीला सांगितलं. ती सरकी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अध्यक्ष काहून पायजे? फिल्मा त तूच आनते."

२० नोव्हेंबर

सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. शाळा सुटली की टाइप करायला मंडळातल्याच पंडित वकिलांच्या कचेरीत. सिलोनचं उत्तर आलं, त्यांचे एक अधिकारी स्वतः येणार! बैठकीत वाचून दाखवलं. टाळ्या. मग चहाचं कुणी बघायचं, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळात मी एकटी बाई.

६ जानेवारी १९६१

बैठक. विषय: निवेदन कोण करणार. मला वाटलं होतं हा विषयच नाही.

मंडळातले प्रोफेसरसाहेब कॉलेजात मराठी शिकवतात, मूळचे पुण्याचे. खाकरून म्हणाले, "गेल्या वर्षी मी उपस्थित होतो. बाईंचा उत्साह वादातीत. परंतु स्त्री असून 'मी जातो', 'मी करतो'... परदेशी पाहुणे येणार."

म्हटलं, आमच्याकडे बाया तशाच बोलतात.

"बोलोत की. घरी."

नानासाहेब मऊ आवाजात, "वाईट वाटून घेऊ नका, सुमनताई. तुमच्याकडे स्वागताची मोठी जबाबदारी आहे." म्हणजे चहा. निवेदन प्रोफेसरसाहेब लिहून काढणार, तेच वाचणार.

मी वही उघडली. कार्यवृत्तही मीच लिहिलं: ठराव एकमताने मंजूर. एकमताने!! वर्गात पोरींना सांगते, उभं राहा, स्पष्ट बोला. आणि

नको आज.

२२ जानेवारी

दुसरा महोत्सव. टॉकीज गच्च. प्रास्ताविक, परिचय, उद्घाटन, अध्यक्षीय. आभार तर शेवटी असतात ना? तेही आधीच उरकले, कारण आभार मानणाऱ्यांना उद्याच्या खटल्यासाठी नागपूरची गाडी गाठायची होती. भाषणांत इतका वेळ गेला की इंडोनेशियाची फिल्म रद्द. त्या फिल्मसाठी मी तीनदा मुंबईला तारा केल्या होत्या.

मग प्रोफेसरसाहेब कागद घेऊन. पडद्यावर ब्रह्मदेशातला रेडा चिखलात बसला, उठेना, शेतकरी शेपटी पिळतोय. यांचं वाचन पुढं निघून गेलेलं: "अशा प्रकारे ग्रामजीवनात समृद्धी नांदू लागते." लोक आधी हसले. मग बिड्या ओढायला बाहेर गेले. आत आले नाहीत.

वयनीच्या बाया मध्यंतरालाच उठल्या. मी किटली घेऊन पायऱ्यांवर.

"तू काहून नाई बोलली?"

"चहाचं होतं माझ्याकडं."

"चहा त मी बी करतो," म्हणाली आणि दमणीकडे चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही.

सगळ्यात कहर पुढं. सिलोनच्या पाहुण्यांनी इंग्रजीत विचारलं, पहिल्या वर्षी पडद्याशेजारी उभं राहून बोलत होत्या त्या बाई कुठं आहेत? वकिलातीत कुणी सांगितलं होतं म्हणे, त्यांना मुद्दाम ऐकायचं होतं. नानासाहेब उत्तरले, "त्यांची प्रकृती बरी नाही."

मी तिथंच. हातात ट्रे. पाहुण्यांनी माझ्या ट्रेमधला कप उचलला, मला थँक्यू म्हणाले.

२३ जानेवारी

रहीमभाईंचं यंत्र पोचवायला स्टेशनवर. ते रिळं गुंडाळावीत तसं पान गुंडाळत म्हणाले, "बाई, ये जलसा था के किसी की तेरवी?" मला रडू आलं, भर फलाटावर. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. गाडी हलता हलता म्हणाले, "अकोल्याले या. तंबू माझा, मशीन माझी. बोलनं तुमचं. बाकी कोनी नाई."

दिवसभर तेच डोक्यात.

१३ ऑगस्ट

बैठकीत विषय मांडलाच. महोत्सव अमरावतीत झाला की पुढच्या आठवड्यात तीच पेटी अकोल्याला, निवेदन माझं. उभी राहून बोलले. प्रोफेसरसाहेब छताकडे बघत होते. नानासाहेब म्हणाले, "अवश्य! अकोला काय परकं आहे?"

कार्यवृत्तात घेऊ का? "अहो, आपल्यात लेखी कशाला."

ठीक. मुंबईला कळवून टाकते. रहीमभाईंनाही.

३ डिसेंबर

स्मरणिका छापून आली. पान दुसरं, 'महोत्सवाचा इतिहास'. दोन वर्षांत आम्हाला इतिहास झाला! "वऱ्हाडच्या सांस्कृतिक जीवनात आशियाचे दालन उघडावे ही कल्पना मा. नानासाहेबांच्या मनी स्फुरली..." शाळेचा हॉल नाही. जपानच्या कोळिणी नाहीत. पहिला महोत्सव टॉकीजमधला, असंच धरलंय. शेवटच्या ओळीत मी: "चहापानाच्या उत्कृष्ट व्यवस्थेबद्दल कु. सुमन यांचे आभार."

प्रेसमध्ये गेले. छपाई झाली आता, म्हणाले. नानासाहेबांकडे गेले. "इतिहास थोडक्यात लिहावा लागतो हो."

वलगावला जाऊन वयनीला वाचून दाखवलं. वर्षभर ती माझ्याशी तुटक होती. ऐकून घेतलं, मग भाकरी थापता थापता म्हणाली, "तुले कोनी हाकललं नाई सुमे. तूच बाजूले सरकून राहिली."

जेवण गेलं नाही. पण खरं बोलली.

७ जानेवारी १९६२, अकोला

रहीमभाईंचा तंबू स्टेशनामागच्या मैदानात उभा राहिलाय. अमरावतीचा महोत्सव १३-१४ ला, आमचा २०-२१ ला. भिंतींवर कागद लागलेत: आशियातल्या फिल्मा, वऱ्हाडी बोलीत. कापसाच्या जिनातल्या बायांनी मुकादमाकडे सुटी मागून ठेवलीय. एकीनं मला विचारलं, "जपान म्हंजे नागपूरच्या पल्याड?" म्हटलं, लय पल्याड. "मंग तिथल्या बायाईचं तुमाले कसं समजते?" म्हटलं, येऊन पाहा.

कितीतरी दिवसांनी बरं वाटतंय.

१० जानेवारी, अमरावती

मंत्रीसाहेबांना १३ ला जमत नाही. निवडणुका तोंडावर. २० ला जमतं. नानासाहेबांनी तारीख बदलली आणि शिपायाकरवी मला निरोप पाठवला. विचारलं नाही, कळवलं.

धावत गेले. २०-२१ ला अकोला आहे! तिथं कागद लागलेत!

"मग अकोला पुढं ढकला."

पुढं कुठं? बावीसला पेटी मुंबईला परत, तिथून दिल्लीला जायची. वकिलातींनी स्पष्ट लिहिलंय.

"तर मग पुढच्या वर्षी बघू. सुमनताई, मंत्री काय रोज येतात?"

तुम्ही शब्द दिला होता, म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठं लिहिलंय?" रागानं नाही. कोर्टात विचारतात तसं.

१५ जानेवारी

मुंबईला तार केली, मुदत वाढवा. नाही म्हणाले. नागपूरला दुसऱ्या फिल्मांसाठी विचारलं. सरकारी फिल्मा आहेत म्हणे, खतांच्या. रहीमभाईंना ट्रंक कॉल. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "तंबू त मी उतरवीन बाई. एका हाताचं काम हाय. त्या बायाईले काय सांगू?" तंबू वीसपर्यंत राहू द्या, एवढंच म्हटलं.

पोरींच्या वह्या तशाच पडल्यात. कुणावरही खेकसते. आज एकीला उगीच रडवलं.

१८ जानेवारी

नवी तारीख नानासाहेबांनी परस्पर मुंबईला कळवली होती, म्हणून पेटी आज बडनेऱ्याला आली. कार्यवाह म्हणून सही माझीच चालते, म्हणून मीच सोडवून आणली. खोलीत खाटेखाली ठेवलीय. नानासाहेबांचा माणूस न्यायला आला होता. म्हटलं, रिळं तपासायची आहेत, उद्या. तपासायची नव्हती.

१९ जानेवारी

वयनी सकाळीच वलगावहून आली, अकोल्याला माझ्यासोबत जायचं म्हणून, लुगड्याचं गाठोडं घेऊन. तिला कुणी कळवलंच नव्हतं. सगळं सांगितलं. तिनं खाटेखाली वाकून पाहिलं. "हे इथी हाये. मंग रडून काहून राहिली?"

मंडळाच्या नावावर आलीय गं. चोरी होईल. नोकरी जाईल. नानासाहेब संस्थेचे अध्यक्ष.

"नोकरी जाईन," ती म्हणाली. "हे मोठी गोठ हाये. हे मी नाई सांगू शकत." आणि चूल पेटवायला बसली.

संध्याकाळी नानासाहेब स्वतः. माझ्या खोलीवर कधी आले नव्हते. बसले नाहीत. टोपी हातात, जरा थकलेले वाटले.

"सुमनताई, पेटी."

उद्या आणते म्हटलं.

"हे बघा. शेवटची एक फिल्म तुम्ही बोला. तुमच्या भाषेत. मी प्रोफेसरांना सांगतो." मग टोपी चाचपत, "मंत्रीसाहेब तोवर गेलेले असतील."

याच शब्दासाठी मी वर्षभर झुरले होते. आला तर असा. मंत्री गेल्यावर, लोक उठल्यावर, एक. तरी क्षणभर मन हललं. हललंच. नोकरी राहील, मंडळ राहील, पुढल्या वर्षी दोन, त्याच्या पुढल्या वर्षी...

"आणि अकोल्याच्या बाया?" विचारलं.

"कोण?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

वयनीनं आतून चहा आणला. त्यांनी घेतला, चांगला झालाय म्हणाले, आणि गेले. सकाळी टॉकीज उघडायच्या आत पेटी पोचली पाहिजे, असं जिन्यातून सांगून.

वयनी पेटीकडे पाय करून निजलीय. बडनेऱ्याहून अकोल्याची पहिली गाडी पहाटे आहे. टांगेवाल्याला त्याआधीच यायला सांगितलंय. कुठं जायचं ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.