मोटरीवरचं नाव

बाबूजी, दुकान अजून उघडं आहे. दादा सकाळी कुलूप काढतो, हत्यारं मांडतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. या रब्बीत काम आलं नाही तर गाळा सोडायचा, असं त्याने ठरवलंय. म्हणून मी दुकानाची वेबसाइट केली. विहिरीवरची मोटर जळाली की लोक आता फोनमध्ये दुकान शोधतात.

हे तुम्हाला फार समजावावं लागणार नाही. जळालेली मोटर तांब्याच्या नव्या तारेने भरून झाली की तिच्या पाठीवर तुम्ही पिवळ्या रंगाने दुकानाचं नाव लिहायचात, खाली ‘सावरगावच्या पुलाजवळ, पांढुर्णा’. मी चौथीत असेन. मोहगावचा एक शेतकरी बसच्या टपावर मोटर टाकून आला. तुम्ही विचारलंत, “आमचं दुकान कोणी सांगितलं भाऊ?” “कोण कायले सांगते? शेजाऱ्याच्या विहिरीवर वाचलं. त्याची चालून राहिली, माही बसून राहिली.” तुम्ही हसलात. मी तेवढ्यात ब्रश उचलून त्याच्या मोटरीवर नाव काढायला घेतलं. तुम्ही रॉकेलच्या फडक्याने ते पुसून टाकलंत. “आधी चालू दे बाई. बंद मोटर आपलं नाव घेऊन गावात जाईल काय?” मी रुसून पायरीवर बसले. संध्याकाळी मोटर फिरली, तेव्हा तुम्हीच ब्रश माझ्या हातात दिलात.

वेबसाइटवर मी तसंच केलं. चालू झालेल्या मोटरींचेच फोटो टाकले. पांढुर्णा आता जिल्हा झाला, तेही पत्त्यात लिहिलं, बंद पडलेला नंबर काढला, जुन्या गिऱ्हाइकांकडून चार शब्द लिहून घेतले. रोज सकाळी मी माझ्या फोनवर शोधून बघायची. आपलं दुकान सगळ्यात वर. पण फोन वाजत नव्हता. दादा म्हणायचा, “तू फोनमध्ये पाहून राहिली, मी रस्त्यावर पाहून राहिलो. दोन्हीकडे सारखीच गर्दी.”

काल सहज वहिनीच्या फोनवर शोधलं. नागपूरची दुकानं आली, नव्या मोटरी विकणारे आले. बोटाने सरकवत कितीतरी खाली गेले. आपण कुठेच नव्हतो. वहिनी हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही रोज तेच उघडता, म्हणून तुमचा फोन तुम्हाले ते वर दाखवते. दुसऱ्याले नाही.” म्हणजे इतके दिवस आपलं दुकान फक्त मलाच दिसत होतं. पुन्हा पहिल्यापासून करता येईल, वेळ लागेल. रब्बी तेवढी थांबायची नाही.

हे पत्र कुठे पाठवणार, तुम्हाला जाऊनही किती वर्षं झाली. पण आज दादाने पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, “काय म्हणते तुही वेबसाइट? आहे न वर?” त्याच्या हातात काम नव्हतं, तरी तो पक्कड पुसत होता. मी माझा फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, “हो, वरच आहे.”