शुक्रवारपर्यंतची ठेव

शुगर लँड, टेक्सस
गुरुवार, ऑगस्ट १९८६

प्रिय सुचित्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू पहिल्यांदा म्हणशील, झुलेखाला फोनचं बिल परवडेनासं झालं वाटतं. तसं नाही गं. सध्या फोनला हातच लावावासा वाटत नाही. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं. रत्नागिरीला हॉस्टेलवर तू मला ‘फाटे फोडणारी’ म्हणायचीस, ती मी अजून तशीच आहे. तिकडे उत्तरेला, तुझ्या स्टेट कॉलेज गावी, ऑगस्टातही म्हणे संध्याकाळी स्वेटर लागतो. इथे दार उघडलं की तोंडावर कुणीतरी ओला टॉवेल टाकल्यासारखं होतं.

मोठी बातमी आधी. इक्बाल आणि नर्गिस काल सनीव्हेलला निघाले, गाडीनं. इक्बालची इथली नोकरी मार्चमध्ये गेली, ते तुला ठाऊक आहे. तेलाचा भाव पडला आणि आमच्या रस्त्यावर एकाआड एक घरासमोर ‘फॉर सेल’च्या पाट्या लागल्या. तिकडे चिप बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला घेतलंय. जायचं होतं सप्टेंबर संपताना, सगळे मिळून, नीट सामान बांधून. पण घाई करावी लागली. मी उद्या दुपारपर्यंत मागे राहिलेय, एकटी. आणि मी एकटी आहे हे कुणाला कळू नये म्हणून दारात दुसरी गाडी उभी ठेवलीय, टीव्ही मोठ्यानं लावलाय, आणि इक्बालचे जुने बूट पायरीवर ठेवलेत, तो रोज काढतो तसे, एक सरळ आणि एक कलंडलेला.

घाई कशाची, ते ऐक. सात वर्षांत या रस्त्यानं आम्हाला आधी इराणी केलं, मग लेबनीज, आणि या एप्रिलात अमेरिकेनं लिबियावर बॉम्ब टाकल्यापासून आम्ही लिबियन आहोत. भारतीय म्हणायला कुणाला सुचलंच नाही. दाभोळची खाडी यांना कुठून माहीत असणार! हसून सोडून देत होतो. एप्रिलात एका सकाळी आमची टपालपेटी चेचलेली मिळाली. मग दुपारचे फोन सुरू झाले. उचलला की पलीकडे नुसता श्वास. एक आठवडा यायचे, एक आठवडा नाही. इक्बाल म्हणायचा, गुंडांनाही सुट्टी लागते. जुलैत कुणीतरी पुढच्या हिरवळीवर पेट्रोल ओतून काडी लावली. केवढा तरी काळा पट्टा पडलाय, दारापासून रस्त्यापर्यंत. पोलीस आले, टोपी काढून आदबीनं बोलले, पोरांचा चाळा असेल म्हणाले आणि गेले. नर्गिस त्या पट्ट्यावरून उडी मारून उन्हाळी शिबिराच्या बसला जायची. मला म्हणाली, ममा, त्यांना जस्ट सांग ना की वी आर नाइस.

आणि गेल्या गुरुवारी तो श्वास बोलला. पुढच्या शुक्रवारपर्यंत घर रिकामं करा, नाहीतर आम्ही करू, एवढंच. संध्याकाळी इक्बालला सांगितलं. शुक्रवार म्हणजे आपला जुम्मा, म्हणून त्यांनी मुद्दाम तो दिवस निवडलाय, असं त्याचं मत पडलं. त्याच क्षणी ठरलं, इथे राहायचं नाही.

मग मी का राहिले? समोरच्या मिस हेस्टरमुळे. तिच्याबद्दल मी तुला लिहिलं होतं. म्हातारी, गोड, कानानं आणि डोळ्यानं अधू, रोज सकाळी इन्शुलिनची सुई लागते. तिचा मुलगा ड्वेन तेलाच्या विहिरीवर काम करतो, भर समुद्रात. आठवडाभर तिकडे, आठवडाभर घरी. दिसायला रेडा, पण सुई बघितली की तोंड फिरवतो. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो टोपी हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि घराची चावी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, मॅम, माझी आई तुमच्या हवाली. तेव्हा मी दवाखान्यातल्या नर्सकडून संत्र्यावर सुई टोचायला शिकले. ड्वेन परत आला की बर्फात घालून मासे आणायचा. मी एकदा आपल्या पद्धतीचं तिखटजाळ सांबारं करून पाठवलं, तर डोळ्यांतून पाणी काढत दोनदा मागून खाल्लं त्यानं. नर्गिसला सायकल त्यानंच शिकवली. इक्बालला जमेना, तो पाठीमागून सूचनाच द्यायचा.

त्या घरात एक राखाडी पोपट आहे, बिस्किट नावाचा. त्याचा पिंजरा फोनच्या शेजारी. मी सकाळी आत शिरले की मिस हेस्टरला आपल्या दाभोळी बोलीत विचारते, जेवलीस काय गो? तिला काही कळत नाही, तरी ती येस मॅम म्हणते आणि आम्ही दोघी हसतो. बिस्किटनं ते उचललंय, हुबेहूब माझ्या आवाजात. आणि जातीचा हट्टी. त्याला उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहतो. नर्गिस त्याला ‘येस मॅम’ म्हणायला पळत जायची. काल सकाळी मिस हेस्टरनं तिची चौकशी केली. सुट्टीला गेलीय, म्हटलं.

एप्रिलपासून ड्वेन माझ्याशी बोलत नाही. त्यांच्या कंपनीतही माणसं कमी करतायत, त्याच्या भावाला काढलं. ट्रकच्या मागे त्यानं एक स्टिकर लावलाय, त्यात काय लिहिलंय ते मी तुला सांगत नाही. हात केला तर बघत नाही. पण चावी मात्र परत मागितली नाही हं! तो समुद्रावर गेला की मी रस्ता ओलांडते, सुई देते, म्हातारीचे पाय बघते, बिस्किटला दाणे घालते आणि परत येते. पुढच्या आठवड्यात तो घरी आला की तो तिला दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणतो, दवाखाना बंद असतो त्या शनिवार-रविवारी तो बाहेर पडला की मी जाते, आणि एरवी आम्ही पुन्हा लिबियन.

तुला आमच्याकडची ईद आठवते? तू पहिल्यांदाच दाभोळला आली होतीस. अम्मीनं तुला खापरोळ्या खाऊ घालून घालून सुस्त केलं होतं, आणि अब्बांनी पडवीत बसून हिजरतीची गोष्ट काढली. मराठी शाळेचे मास्तर, त्यामुळे मक्का-मदिनाही ते दापोली-खेड असल्यासारखे सांगायचे. तू अर्धी झोपेत होतीस, म्हणून पुन्हा सांगते. मक्केचे सरदार पैगंबरसाहेबांच्या जिवावर उठले. प्रत्येक घराण्यातून एक तरणा गडी निवडला, म्हणजे खून सगळ्यांच्या अंगावर वाटला जाईल, आणि घराला वेढा घातला. पैगंबरसाहेब अबू बक्रना घेऊन मदिनेच्या वाटेला लागले आणि त्यांच्या बिछान्यावर, त्यांचीच हिरवी चादर पांघरून, हजरत अली झोपले. तरुण पोर, त्यांचा चुलतभाऊ. बाहेर नागव्या तलवारी, आणि हा आत पडून. अब्बा इथे थांबायचे आणि विचारायचे, का थांबला तो? नुसतं वैऱ्यांना चकवायला? नाही. गावाच्या ठेवी पैगंबरसाहेबांकडे होत्या. दागिने, चीजवस्तू. ज्याची त्याला पोचती केल्याशिवाय घर सोडायचं नव्हतं, म्हणून अलींना मागे ठेवलं.

तेव्हा मी विचारलं होतं, त्यातल्या काही ठेवी त्या मारायला आलेल्यांच्या घरच्याही असतील ना? मग त्या विहिरीत का नाही टाकल्या? तू खदखदून हसलीस, तेवढी जागी होतीस. अब्बा म्हणाले, ठेवणारा वाईट झाला म्हणून ठेव वाईट होत नाही. आणि मग चष्मा पुसत म्हणाले, एक गंमत बघ, त्यांनी मारायला माणसं पाठवली, पण ठेवी काही काढून घेतल्या नाहीत. भरवसा कुणावर ठेवायचा, हे त्यांनाही पक्कं माहीत होतं.

लहानपणी मला ती गोष्ट शूर माणसाची वाटायची. आज इक्बालचे बूट पायरीवर कलंडवून ठेवताना एकदम लक्षात आलं की मी काय करतेय. अली म्हणे त्या रात्री गाढ झोपले. मला दुपारची डुलकीसुद्धा लागत नाही. मला भीती वाटते, सुचे. एखादा ट्रक सावकाश गेला की मी टीव्हीचा आवाज बारीक करून, पंखा बंद करून ऐकते. सकाळपासून आभाळ तांब्याच्या पातेल्यासारखं झालंय, आखातात वादळ आहे म्हणतात, पान हलत नाही. शेजारच्या रिकाम्या घराचं फाटक मात्र मघापासून उघडमीट करतंय. वारा नसताना कसं, हे बघायला बाहेर जायची माझी छाती नाही.

चावी त्यांच्या टपालपेटीत टाकून गेले असते तर चाललं असतं, असं इक्बालचं म्हणणं. भांडलो आम्ही त्यावरून. पण ड्वेननं माझ्याकडे ठेवली ती चावी नव्हे, आई ठेवली. सरकारी नर्स सोमवारपासून यायची आहे, त्यासाठी मी आठवडाभर फोन करकरून लोकांचं डोकं खाल्लं. मधले शनिवार-रविवार काय? म्हातारीला दिसत नाही, ती स्वतः सुई भरू शकत नाही. म्हणजे ड्वेनला शिकायला हवं. ते काही चिठ्ठी लिहून शिकवता येत नाही, त्याचा हात धरूनच शिकवायला लागेल. फ्रिजमध्ये संत्री आणून ठेवलीत. उद्या सकाळी त्याच्या हातात आधी संत्रं, मग सुई, मग चावी. दुपारी पद्मिनी मला विमानतळावर न्यायला येईल, मंडळातली, गाणारी, तुला एकदा भेटलीय.

आणि सगळंच पुण्य आहे असं समजू नकोस. मी काही अली नाही. माझ्या पोटात राग आहे, आणि तो चांगला दणकट आहे. चावी देताना मला त्याचे डोळे बघायचेत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या गुरुवारी तो फोन आला, तोंडावर फडका धरून बोलावं तसा आवाज. त्याचं बोलणं संपत आलं आणि त्याच्या मागून, अगदी स्वच्छ, माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, जेवलीस काय गो? त्याला त्यात काही वाटलं नसणार, तो पक्षी दिवसभर बडबडतो. मी रिसीव्हर ठेवला. इक्बालला शुक्रवार म्हणजे जुम्मा वाटला. मला शुक्रवार कळला. ड्वेन दुसऱ्या दिवशी समुद्रावर जाणार होता, तो उद्या, शुक्रवारी सकाळी परत येतो. तोवर त्याच्या आईला सुई टोचायला कुणीतरी हवं होतं. इक्बालला हे सांगितलं असतं तर त्यानं मला उचलून गाडीत घातलं असतं. पोलिसांना सांगितलं असतं तर त्यांनी ड्वेनला हेलिकॉप्टरमधून उतरताच धरलं असतं, आणि मिस हेस्टर खुर्चीत बसून माझी वाट बघत राहिली असती. कदाचित मी चुकतेय. तू शहाणी, तू ठरव. मात्र हे पत्र तुझ्याकडे ठेव म्हणून देतेय. सोमवारपर्यंत ते तुझ्या हाती पडेल. तोवर सनीव्हेलहून माझा फोन येऊन गेला असेल तर फाडून टाक, आणि इक्बालला जन्मात कधी सांगू नकोस. आला नसेल, तर मी शेवटची कुणाच्या घरात गेले ते तुला माहीत आहे. पोलीस पुरावा मागतील. त्यांना म्हणावं, मराठी कळणारं कुणीतरी त्या पिंजऱ्यासमोर उभं करा. बिस्किट माझ्या आवाजात विचारेल. आणि नर्गिसला तिथे नेऊ नकोस, पण तू गेलीस तर त्याला उत्तर दे, नाहीतर तो विचारतच राहील.

तुझीच,
झुलेखा